मिलिंग मशीन आलं, पण जॉब लागायला तीन रविवार गेले

मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरखाली धातूचा तुकडा सरकवून तो कापणारं मशीन, येऊन आता महिना होईल. पहिल्या दिवशी काढलेला फोटो काल मोबाइलमध्ये सापडला, त्यात मी पेटीच्या फळ्या हातात धरून हसतोय आणि मागे ते मशीन पिवळट ग्रीसमध्ये बुडालेलं उभं आहे. तेव्हा मला वाटत होतं की आज दुपारी पुसून घेऊ, संध्याकाळी वायर लावू आणि रात्री झोपायच्या आधी काहीतरी कापून बघू. कापलं मी खरंच, पण त्याचं पुढे सांगतो.

मशीन कसं बसवलं ते बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सगळं लिहून ठेवतोय. मशीन साधंच आहे, बेंचवर बसणारं, डव्हटेल कॉलमचं (म्हणजे हेड ज्या उभ्या खांबावर सरकतं त्याला तिरक्या कडांची खाच), डावीउजवीकडे कलणारं हेड, आर८ स्पिंडल (कटर धरून फिरणारा दांडा, आर८ हा त्याच्या आतल्या टेपरचा प्रकार), पॅकिंगसकट एकशे वीस किलोच्या आसपास. गोल कॉलमवालं स्वस्तात मिळत होतं पण ते मुद्दाम टाळलं, कारण गोल कॉलमवर हेड वरखाली केलं की ते गोल फिरूही शकतं, म्हणजे ड्रिल चक काढून कटर लावायला हेड उचललं की आधी पकडलेला सेंटर गेलाच, परत शोधा. ज्यांना फक्त भोकं पाडायचीत त्यांना चालतं ते, मला नको होतं.

एकशे वीस किलो दोघांना उचलत नाही. (उचलतं असं म्हणणाऱ्या मित्राची कंबर अजून दुखतेय, ती दुसऱ्या मशीनची गोष्ट.) म्हणून हेड सुटं केलं. त्याची एक युक्ती आहे, टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवायचा, हेड हळूहळू खाली आणून त्या ठोकळ्यावर पूर्ण टेकवायचं आणि मगच नट सैल करायचे, नाहीतर शेवटचा नट निघाला की ते जड धूड सरळ तुमच्या हातावर येतं. नुसतं हेडच पस्तीस-चाळीस किलोचं निघालं. उरलेलं धड फळीवरून सरकवत नेलं.

साफसफाईला रॉकेल, जुना रंगाचा ब्रश आणि भरपूर चिंध्या. यात काही मजा नाही, पण एक गोष्ट नीट बघा. लीड स्क्रूवरचं (हँडल फिरवलं की टेबल सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) ग्रीस बोटावर घेऊन दोन बोटांत चोळून बघा. माझं कचकचलं. म्हणजे ग्राइंडिंगची बारीक भुकटी आणि कास्टिंगची वाळू त्या ग्रीसमध्ये तशीच राहिलेली, आणि मी हँडल फिरवून फिरवून बघत होतो, 'वा काय स्मूद चाललंय' म्हणत, तेव्हा ती भुकटी नटमध्ये आणि डव्हटेलमध्ये घासत होती. तर आधी पुसा मग फिरवा. सगळं कोरडं झालं की स्लाइडवर ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल लावलं, ते चिकट असतं, उभ्या कॉलमवरून लगेच ओघळून जात नाही.

आता माझा घोळ.

पहिल्या रविवारी हेड परत चढवलं, नट आवळले, आणि लगेच ५० मिमीचा फेस मिल (पृष्ठभाग सपाट करायचा रुंद कटर) लावून अ‍ॅल्युमिनियमच्या एका तुकड्यावर दोन-तीन पास मारले. व्हिडिओत बघून बघून हात शिवशिवत होते, काय करणार. पृष्ठभाग लांबून चकचकीत दिसत होता. जवळून बघितलं तर प्रत्येक पास संपून दुसरा सुरू होतो तिथे पायरी, अगदी नख आडवं फिरवलं की टक् करून अडकणारी पायरी. म्हणजे कटर टेबलाला काटकोनात नाही, एका बाजूने खोल जातोय. ठीक आहे म्हटलं, ट्रॅमिंग, म्हणजे स्पिंडल टेबलाला काटकोनात आणणं, करावं लागेल, ते माहीतच होतं. स्पिंडलमध्ये आडवा रॉड पकडायचा, त्याला लिव्हर डायल (काट्याचं मापक, एक घर म्हणजे ०.०१ मिमी) लावायचा, त्याचं टोक टेबलाला टेकवायचं आणि स्पिंडल हाताने गोल फिरवायचा. काटा सगळीकडे सारखाच राहिला तर स्पिंडल टेबलाला काटकोनात, नाही राहिला तर जेवढा फरक तेवढा हेड किंवा कॉलम तिरका.

मी फिरवला. पुढून मागे ०.१४ मिमी फरक. परत फिरवला, ०.०९. तिसऱ्यांदा ०.१२. मला वाटलं डायलच खराब. दुसरा डायल मागून आणला, त्याचंही तेच. दोन तास मी हेडचे नट सैल कर, घट्ट कर, असं करत बसलो, दरवेळी वेगळा आकडा. शेवटी आमचे एक ओळखीचे काका आहेत, सगळी नोकरी टूलरूममध्ये गेलेली, त्यांना फोन लावला.

"टेबल हलतंय का बघितलंस?"

"नाही काका, नवीन मशीन आहे."

"अरे, नवीन आहे म्हणूनच विचारतोय."

मग त्यांनी सांगितलं ते करून बघितलं. मॅग्नेट स्टँड कॉलमला चिकटवला, डायलचं टोक टेबलाच्या कडेला लावलं आणि टेबलाचं दुसरं टोक हाताने जरा ढकललं, जोर वगैरे नाही, दार लोटतो तेवढंच. काटा आठ घरं गेला. ०.०८! ज्या टेबलाला टेकवून मी पॉइंट झिरो वनच्या गप्पा मारत होतो ते टेबलच सॅडलवर (टेबलाखालचा सरकता भाग) झुलत होतं. वर क्विलही (स्पिंडल वरखाली करणारी नळी) लॉक केलेलं नव्हतं.

त्या दिवशी मला हे मशीन काय प्रकार आहे ते कळलं. म्हणजे ते वाईट नाहीये, कास्टिंग चांगलं आहे, स्पिंडल छान आहे, फक्त ते बसवून दिलेलं नसतं, पेटीत मावावं म्हणून एकत्र अडकवलेलं असतं. बसवायचं काम आपलं. आणि ते खालून वर करत यायचं असतं, मी वरून खाली करत होतो.

दुसऱ्या रविवारी सगळं सोडलं आणि बेंचपासून सुरुवात केली.

बेंचचं वरचं लाकूड मला सपाट वाटत होतं, अर्थातच नव्हतं. बेसचे चार बोल्ट आहेत. तीन आवळले, स्पिंडलमधल्या डायलचं टोक टेबलाच्या पुढच्या कोपऱ्यावर टेकवून ठेवलं आणि चौथा बोल्ट आवळायला लागलो. पाना अर्धा वळला असेल तेवढ्यात काटा तीन घरं सरकला. एवढं जाड कास्ट आयर्न, पण बोल्टने खेचलं की तेही पीळ खातं. त्या पायाखाली पत्र्याचे शिम (पातळ तुकडे) घालत गेलो, शेवटी बोल्ट घट्ट होतोय आणि काटा जागच्या जागी, असं झाल्यावर सोडलं. पाणसळ लावून बुडबुडा मधोमध आणायच्या भानगडीत फार पडलो नाही. जहाजांवरसुद्धा वर्कशॉप असतात आणि तिथे मशीनं चालतात. बेसला पीळ नको, बाकी मशीन जरा एका अंगाला असलं तरी त्याला पत्ता लागत नाही.

मग गिब. डव्हटेलमध्ये एका बाजूला जी पाचरीसारखी निमुळती पट्टी असते ती, दोन टोकांना एकेक स्क्रू. एक सैल करायचा, दुसरा आवळायचा, की पट्टी आत सरकते आणि झोल कमी होतो. बाहेर काढून बघितली तर तिच्या कडेला बर (कापताना राहिलेली धारदार कड) तशीच, बोटाला लागेल इतकी. तेलदगडावर हलक्या हाताने घासून काढली, रॉकेलने धुतली, तेल लावून परत बसवली. किती आवळायची याला आकडा नाही, हँडल फिरवताना जरा अंगावर आल्यासारखं वाटलं पाहिजे पण टेबलाच्या दोन्ही टोकांना सारखंच वाटलं पाहिजे. कडेला जड आणि मधे हलकं असेल तर जास्त आवळू नका, उगाच स्लाइड खाल. माझं ०.०८ वरून ०.०२ वर आलं, तेही मी नीट जोर लावून ढकलल्यावर. एक्स (डावीउजवीकडे) झालं, वाय (पुढेमागे) झालं, झेडला (वरखाली) सगळ्यात वेळ गेला कारण तिथे हेडचं वजन लटकलेलं असतं.

एवढं झाल्यावर परत डायल फिरवला. आता तीन वेळा फिरवला तर तीनही वेळा तोच आकडा. पुढून मागे ०.१५, १५० मिमीच्या फेऱ्यात. आकडा वाईटच होता पण मला इतका आनंद झाला की विचारू नका. खोटं का होईना, एकच खोटं बोलत होतं ना!

(दोन बारीक गोष्टी. टेबलाच्या टी-स्लॉटवरून जाताना डायलचं टोक खड्ड्यात आपटतं, म्हणून मी एका जुन्या मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग टेबलावर ठेवून तिच्यावरून फिरवतो, तिच्या दोन्ही बाजू ग्राइंड केलेल्या आणि समांतर असतात. आणि डायल मागे गेला की तोंड कॉलमकडे होतं, दिसत नाही, तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून फोन कॉलमला टेकवून ठेवायचा. मान वाचते.)

आता इथे एक मेख आहे आणि ती मला काकांनी सांगितली नसती तर मी परत फसलो असतो. स्पिंडल टेबलाला काटकोनात नाही हे डायल सांगतो, पण का नाही ते सांगत नाही. कॉलमच पुढे झुकलेला असेल, किंवा कॉलम सरळ आहे आणि हेड त्याच्यावर वाकडं बसलंय असंही असेल. दोन्हीला आकडा तोच येतो. म्हणून वेगळं तपासायचं. टेबलावर चांगला गुण्या उभा ठेवायचा, डायल हेडला लावून त्याचं टोक गुण्याच्या उभ्या पात्याला टेकवायचं, आणि हेड १०० मिमी खाली आणायचं. काटा सरकला तर कॉलम झुकलाय. एकदा पुढेमागे आणि एकदा डावीउजवीकडे.

पुढेमागे बघितलं तर कॉलम चांगलाच पुढे झुकलेला. मग कॉलमचे बोल्ट काढले, तो आडवा केला, आणि खाली बघतो तर काय, बेसवर जिथे कॉलम टेकतो त्या मशीन केलेल्या जागेवर मागच्या कडेला रंग. फवारा मारताना उडालेला असणार, नखाने खरवडून निघाला आणि त्याच्याखाली एक बर पण होती. आता झुकणारच ना पुढे, मागून उचलला गेला तर! कारखान्यात कोणीतरी हे दोन भाग जोडले तेव्हा त्याला तो रंग दिसला असेलच, असो.

ब्लेडने खरवडून, दगड फिरवून, पुसून परत बसवला. ०.१५ चं ०.०६ झालं. एक पैशाचं सामान न लावता. आणि गुण्यावर १०० मिमीला ०.०३.

इथून शिमचा हिशोब. कॉलमचा पाया पुढून मागे १०० मिमी आहे, झुकाव १०० मिमीला ०.०३, म्हणजे पुढच्या कडेखाली ०.०३ जाडीचं काहीतरी हवं. स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल मायक्रोमीटरमध्ये धरला तर ०.०१६ च्या आसपास भरला, म्हणजे पुढे दोन थर, मधे एक थर, मागे काही नाही, अशी पायरी केली म्हणजे पाया अधांतरी राहत नाही. जर मी नुसत्या फिरवलेल्या डायलवर विसंबलो असतो तर १५० ला ०.०६, म्हणजे १०० ला ०.०४ चा शिम घातला असता, डायल झिरो दिसला असता, मी खूश झालो असतो, आणि कॉलम आता मागे कलला असता. मग वर भोक पाडा आणि हेड शंभर मिमी खाली आणून रीमर (भोक अचूक मापाचं करायचं हत्यार) घाला, तो मिलिमीटरचा शंभरावा भाग सरकलेला. असला दोष सापडायला वर्ष जातं.

फॉइल घालून आवळल्यावर गुण्यावर काटा जवळजवळ स्थिर, आणि फिरवून बघितलं तर पुढेमागे दीड घर शिल्लक, ०.०१५. तो हेडचा स्वतःचा. तो मी तसाच ठेवलाय, मला हेड आणि कॉलमवर सरकणाऱ्या त्याच्या सॅडलच्या मधे अजून फॉइल कोंबायचा धीर नव्हता.

डावीउजवीकडे कॉलम ठीक होता, वाकडं होतं ते हेडच, ०.०९. ते तीन नट सैल करून फिरवता येतं. ऐकायला सोपं आहे. करताना असं होतं की नट जेमतेम धरतील इतके आवळायचे, नायलॉनच्या हातोड्याने टिचकी मारल्यासारखं मारायचं, डायल झिरो आणायचा, मग नट आवळायचे, आणि शेवटच्या पाव फेऱ्यात हेड हळूच चार घरं सरकतं. परत सैल. सात-आठ वेळा झाल्यावर लक्षात आलं की ते दरवेळी एकाच बाजूला आणि तेवढंच सरकतंय, मग मुद्दाम उलट्या बाजूला चार घरं चुकीचं ठेवलं आणि आवळलं. बसलं. ०.०१. रात्रीचे पावणेबारा वाजले होते, हे कोणाला दाखवावं तर घरात सगळे झोपलेले.

तिसरा रविवार सोपा गेला. व्हाइसचा (जॉब पकडायचा शिकंजा) खालचा फिरणारा बेस काढून ठेवला, तो उंचीही खातो आणि लवचिकही असतो, आणि व्हाइस सरळ टेबलावर बसवला. डायल न हलणाऱ्या जबड्यावर लावायचा, हलणाऱ्यावर नाही, आणि टेबल एक्समध्ये फिरवत काटा सरळ करायचा. एक बोल्ट घट्ट, एक जरा सैल, त्याच्याभोवती टिचक्या मारत. दहा मिनिटांचं काम.

वायरिंगबद्दल थोडक्यात, मल्टिमीटरने प्लगची अर्थिंग पिन आणि मशीनचं अंग यात सलग जोड आहे का ते बघा, रंगावर टोक टेकवू नका, उघड्या लोखंडावर टेकवा. इमर्जन्सी बटण चालू मशीनवर खरंच दाबून बघा. स्पिंडल आधी कमी फेऱ्यांवर दहा-पंधरा मिनिटं, मग थोडा वाढवून, असा चालवला आणि मधेमधे थांबवून बेअरिंगच्या जागी हात लावून बघितला, कोमट झाला, भाजेल असा नाही. आणि ड्रॉबारवर (कटरचा होल्डर वरून ओढून धरणारा लांब बोल्ट) पाना राहू देऊ नका, मी पान्याला दोरी बांधून भिंतीवर लटकवलाय, तो खुंटीला नसेल तर स्विचला हात लावायचा नाही.

कटर ड्रिल चकमध्ये पकडू नका हे सगळेच सांगतात पण का ते कोणी सांगत नाही. ड्रिलला जोर वरून खाली येतो, मिलिंग कटरला बाजूने येतो, त्या धक्क्यांनी चक त्याच्या टेपरवरून सुटून खाली पडू शकतो, फिरता फिरता. म्हणून ईआर कोलेट (कटर चहूबाजूंनी आवळून धरणारी, चिरा पाडलेली बाही) घेतले. ही पद्धत रेगो-फिक्स या स्विस कंपनीने १९७२ मध्ये काढली, आज बऱ्याच ठिकाणी तीच. एक चूक सगळे एकदा करतात, मीही केली, कोलेट आधी स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवायचा. तसं नाही, कोलेट आधी तिरका करून नटच्या आतल्या कडेत टक् करून बसवायचा आणि मग दोन्ही मिळून लावायचं, नाहीतर सोडवताना तो आतच अडकून बसतो.

मग पोलाद. फेऱ्यांचा हिशोब पाठ आहे, १००० गुणिले कटिंग स्पीड भागिले ३.१४ गुणिले व्यास, म्हणजे एचएसएसचा (हाय स्पीड स्टील) १० मिमी कटर, माइल्ड स्टीलला मिनिटाला २५ मीटर धरले तर साधारण ८०० फेरे. फीडचं, म्हणजे टेबल किती वेगाने सरकवायचं त्याचं, मात्र हसू आलं. चार धारांचा कटर, प्रत्येक धारेला ०.०५ धरलं तर मिनिटाला १६० मिमी. माझा लीड स्क्रू २ मिमीचा, म्हणजे हँडल मिनिटाला ८० वेळा फिरवायचं, सेकंदाला एकापेक्षा जास्त! मी चाळीसच्या वर जातच नाही, मग धारेला निम्माच माल मिळतो आणि कटर कापायच्या ऐवजी घासायला लागतो, आवाजही तसा रडका येतो. म्हणजे हाताने चालवणाऱ्याने घाबरून अजून हळू जाणं ही चूकच, त्यापेक्षा फेरे जरा कमी करावेत. ६५० वर आणल्यावर आवाज सुधारला.

शेवटी तोच ५० मिमीचा फेस मिल लावला, तसाच अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, ९५० फेरे, तेवढेच पास. आधीच्या वेळी १५० ला ०.१५ म्हणजे ५० च्या कटरला ०.०५ ची पायरी होती, आता हिशोबाने ०.००५ उरायला हवी. नख आडवं फिरवलं. काही नाही. डोळे मिटून परत फिरवलं, काही नाही. वर उजेडात धरलं तर दोन्ही बाजूंच्या कमानी एकमेकींवरून गेलेल्या दिसतात, जाळीसारख्या, म्हणजे कटर जाताना कापतोय आणि त्याची मागची कडही हलकी टेकतेय. दोन्ही तुकडे आता कपाटावर शेजारी शेजारी ठेवलेत, एकावर मार्करने तारीख आणि १५, दुसऱ्यावर तारीख आणि १.५. आमच्या घरच्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

कॉलमच्या बाजूलाही मार्करने ट्रॅमिंगचे आकडे लिहून ठेवलेत. परवा, आठवडाभर वापरल्यानंतर, परत फिरवून बघितलं, डावीउजवीकडे अजून एक घर गेलंय. एक नट जरा सैल वाटला, आवळला.

राहिलंय ते एक्सचं बॅकलॅश. हँडल उलटं फिरवलं की ०.१८ रिकामं फिरतं आणि मग टेबल हलतं. वायला ०.१२ आहे, ते चालवून घेतोय, दरवेळी एकाच बाजूने आकड्यावर यायचं आणि पुढे गेलो तर भरपूर मागे जाऊन परत यायचं. पण एक्समध्ये परवा चुकून कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच जॉब सरकवला तर कटरने टेबल स्वतःच ओढून घेतलं, त्या ०.१८ एवढंच, पण धप्प आवाज आला आणि कटरच्या एका धारेचा कोपरा गेला. नट दोन भागांत चिरलेला आहे, मधला स्क्रू आवळून झोल कमी करता येतो असं दिसतंय. तो स्क्रू बरोबर टेबलाच्या खाली आहे, म्हणजे टेबल काढायचं, म्हणजे गिब परत लावायची, म्हणजे व्हाइस परत सरळ करायचा. येत्या रविवारी बघतो.